दोन डांगी गायी, चौदा शेळ्या आणि तीन लाख रुपये: जुनी गाडी कोणती घ्यावी?

वाघेऱ्यापलीकडचा

नमस्कार. दोन वर्षांपूर्वी नाशिकरोडची नोकरी सोडून मी त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या आमच्या मूळ गावी, हरसूलच्या अलीकडे, राहायला आलो. घरी दोन डांगी गायी, एक कालवड, चौदा शेळ्या, एक कुत्रा आणि गुडघ्यांनी थकलेली आई आहे. आजवर सगळे मोटारसायकलवर भागवले. मात्र पेंडेचे पोते आडवे टाकून वाघेऱ्याचा घाट चढणे आणखी किती वर्षे जमणार, हा प्रश्न गेल्या आषाढात पोत्यासकट चिखलात बसल्यावर पडला आणि तेव्हापासून जुनी चारचाकी शोधतो आहे.

हातात तीन लाख रुपये आहेत आणि कर्ज काढायचे नाही. गाडी नावावर करणे, विमा आणि पहिली दुरुस्ती हे सगळे त्याच पैशांत बसवायचे आहे. आतापर्यंत चार गाड्या पाहिल्या. २०१३ची डिझेल बोलेरो, मागणी तीन लाख दहा हजार. पिंपळगाव बसवंतच्या बाजूची, टोमॅटो वाहिलेली २०१४ची एक पिकअप, दोन लाख नव्वद. २०१६ची पेट्रोल ईको, दोन लाख साठ. आणि २०१५चा डिझेल छोटा हत्ती (टाटा एस), एक लाख पंच्याऐंशी. माझा कल पिकअपकडे आहे, कारण तिच्यात गाय उभी राहते. भाड्याचा धंदा करायचा नाही, गाडी घरच्याच कामाला हवी. ज्यांच्या दावणीला जनावरे आहेत आणि दारात जुनी गाडीही आहे, त्यांनी कृपया अनुभव सांगावा.

निफाडची गोठेवाली

दादा, "तिच्यात गाय उभी राहते" हेच कारण सांगून आम्हीही २०१७ साली जुनी पिकअप घेतली होती, म्हणून आधी मीच लिहिते. आमच्याकडे तेव्हा अकरा संकरित गायी होत्या. गोठ्याची वही मी स्वतः लिहिते, त्यामुळे वर्ष संपल्यावर मोजता आले: त्या गाडीत वर्षभरात गाय चढली ती फक्त तीन वेळा. बाकी सगळे दिवस ती पेंड, सरकी, हिरवा मका आणि मुरघासाच्या पिशव्या वाहत होती आणि त्यातल्याही बहुतेक फेऱ्यांना हौदा अर्ध्याहून अधिक रिकामा असे. मोठ्या गाडीचे टायर, विमा, पासिंग (आरटीओची तपासणी) आणि डिझेल यांचा खर्च मात्र हौदा भरलेला आहे की रिकामा, हे पाहून येत नाही.

गावात गाय किती वेळा गाडीत चढते, याचा विचार करा. रेतन करणारा दारात येतो, डॉक्टरही बहुधा दारातच येतात. गाय विकत आणताना, विकताना किंवा मोठ्या शस्त्रक्रियेला न्यायची असेल तेव्हाच गाडी लागते. त्या दिवशी ओळखीचा पिकअपवाला सांगावा. जनावरे चढवण्याची सवय असलेला चालक त्या भाड्यातच मिळतो, हा त्यातला मोठा फायदा आहे. मागच्या वेळी घोटीच्या बाजारातून गाय आणताना मी साडेतीन हजार दिले आणि ते मुळीच जड वाटले नाहीत.

तेव्हा गाड्यांची तुलना नंतर करा. आधी मागच्या सहा महिन्यांत काय काय, किती वजनाचे आणि कुठून कुठे नेले, ते आठवून येथे लिहा.

वाघेऱ्यापलीकडचा

ताई, काल रात्री आईला सोबत घेऊन बसून मांडले. पंधरा दिवसांतून एकदा गिरणाऱ्याहून किंवा नाशिकहून पेंड आणि भुसा, म्हणजे पन्नास किलोची पाच-सहा पोती. महिन्यातून एकदा आईला नाशिकला दवाखान्यात न्यायचे. सहा महिन्यांत शेळ्या तीनदा हलवल्या: दोनदा बाजार, आणि एकदा अडलेली शेळी रात्री अकरा वाजता. गाय एकदाही नाही. कडबा वर्षातून एकदाच येतो आणि तो देणारा आपल्याच ट्रॅक्टरने टाकतो. दूध डेअरीचा माणूस घरून नेतो. मांडून झाल्यावर पिकअपचा हट्ट थोडा सैल झाला, हे मान्य करतो.

अंबडचा मिस्त्री

मी पंचवीस वर्षे औद्योगिक वसाहतीत गॅरेज चालवतो आणि शेतावरच्या गाड्या रोज पाहतो. कोणतीही कंपनी निवडा, पण जनावरांची किंवा भाजीपाल्याची जुनी गाडी पाहताना लोक ज्या क्रमाने पाहतात तो उलटा करा. लोक बोनेट उघडून इंजिन ऐकतात आणि खूश होतात. इंजिनाचे काम पैसे घातले की होते. आतून सडलेल्या चासीला पट्टी मारली, तर ती पुढच्या पावसाळ्यात त्या पट्टीच्या शेजारून जाते.

जनावरांच्या मुतात क्षार असतात आणि त्याचा अमोनियाही होतो. ते हौद्याच्या पत्र्याखाली उतरते, पत्रा आणि आडव्या चॅनेलच्या फटीत साचते आणि तेथे शेणाचा लगदा ओल धरून ठेवतो. वरून धुतलेली गाडी स्वच्छ दिसते आणि खालून खात असते. गाडीखाली चटई टाकून उताणे झोपा आणि पाच ठिकाणे पाहा: मागच्या चाकांच्या वरचा भाग, पाट्यांचे (चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगांचे) हँगर जेथे चासीला बसतात ती जागा, हौदा आणि केबिन यांच्यामधला पट्टा, फाळक्याच्या (हौद्याच्या मागच्या दाराच्या) बिजागऱ्या, आणि चासीच्या कडेने मागे गेलेला ब्रेकचा लोखंडी पाइप. खाली नवा कोरा काळा रंग दिसला तर खूश होऊ नका, तेथेच जास्त वेळ थांबा. खिशात लहान हातोडी आणि जुना स्क्रू-ड्रायव्हर ठेवा. चासीवर हलके ठोकले की चांगला पत्रा ठणकतो. सडलेला धप्प वाजतो आणि गंजाचे पापुद्रे तोंडावर पडतात. अशा जागी स्क्रू-ड्रायव्हर दाबला आणि तो आत गेला, तर मालकाला नमस्कार करून घरी या. ब्रेकच्या पाइपला मात्र टोचू नका, नुसते बोट फिरवून खवले लागतात का ते पाहा.

पिंपळगाव, गिरणारे या बाजूच्या टोमॅटोच्या आणि लासलगावकडच्या कांद्याच्या गाड्यांची कथा वेगळी असते. त्यांना मुताने नाही, ओझ्याने खाल्लेले असते. हंगामात दीड टनाच्या गाडीवर अडीच टन चढवण्याची आपल्याकडे कुणालाच लाज वाटत नाही. दोन्ही बाजूंचे पाटे मोजा. कंपनीपेक्षा जादा पाटा टाकलेला असला, तर ती गाडी कशी राबली आहे ते समजले. केबिन आणि हौदा यांच्यातली फट वर आणि खाली सारखी आहे का, ते बोटांनी मोजा. वर जास्त आणि खाली कमी असेल, तर चासी वाकलेली असू शकते.

मग इंजिन. आदल्या दिवशी वेळ न कळवता सकाळी जा आणि आधी इंजिनावरच्या झाकणावर हात ठेवा, मग ते बोनेट असो की सीटखालचे. ते गरम लागले तर तुमच्या आधीच कुणीतरी गाडी चालू करून ठेवली आहे, आणि थंड इंजिन सुरू होताना काय करते हेच तर आपल्याला पाहायचे असते. निळा धूर म्हणजे ऑइल जळते. पांढरा धूर गाडी गरम झाल्यावरही थांबत नसेल, तर हेड गॅस्केटची किंवा इंजेक्टरची शंका घ्या. चालू इंजिनवर ऑइल भरायचे झाकण उघडा. तेथून भकाभक वाफ येत असेल, तर बॅक कॉम्प्रेशन आहे आणि इंजिन उतरवावे लागणार. शेवटी मालकाच्या परवानगीने तुमची सहा पोती टाका आणि तुमच्याच घाटात न्या. सपाट रस्त्यावर सगळ्याच गाड्या चांगल्या असतात.

एक अवांतर: तीन लाखांत मिळणार नाही, पण कुणी स्वस्तात बीएस-६ (धुराच्या नव्या मानकाची) डिझेल गाडी देऊ केली तरी विचार करा. १ एप्रिल २०२० पासूनच्या या डिझेल गाड्यांना धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो जळून साफ होण्यासाठी गाडी मधूनमधून सलग आणि बऱ्या वेगाने पळावी लागते. घर ते डेअरी अशा दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत तो तुंबतो.

सिन्नरचा शेळीवाला

तुमच्या यादीत गाय शून्य वेळा आहे, तर ईको का नको? घरची पाच माणसे बसतात, आई आरामात बसते आणि पेट्रोल गाडीची देखभालही सोपी. माझ्याकडे सहा वर्षे अशीच गाडी आहे. मागच्या जागेत मी जस्ताच्या पत्र्याचा एक ट्रे बनवून घेतला आहे. कडा तीन बोटे वर वळवलेल्या, कोपरे झाळलेले, त्यात उसाचे पाचट. काम झाले की दोघांनी ट्रे उचलायचा, उकिरड्यावर झटकायचा आणि धुऊन भिंतीला उभा करायचा. गाडीच्या मूळ पत्र्याला आजवर थेंब लागलेला नाही. दोन शेळ्या दवाखान्यात न्यायला याहून काय लागते?

अंबडचा मिस्त्री

ट्रे उत्तम आहे आणि तुमच्यासारखा तो दर वेळी बाहेर काढणारा माणूस असेल, तर माझी हरकत नाही. पण शंभरातले नव्वद लोक तो "उद्या काढू" म्हणून आत ठेवतात. या गाडीला वेगळी चासी नाही, तळाचा पत्रा हाच तिचा सांगाडा आहे. तो सडला तर बदलायला वेगळा हौदा नसतो.

निवृत्त पशुधन पर्यवेक्षक

बंद गाडीबद्दल मला जनावरांच्या बाजूने सांगायचे आहे. उन्हाळ्यात काचा लावलेल्या गाडीत पाच शेळ्यांच्या श्वासाने आणि मुताच्या वासाने हवा लवकर कोंदते आणि शेळी धापा टाकू लागते. दोन शेळ्या, उघड्या काचा आणि अर्ध्या तासाचा रस्ता यापलीकडे बंद गाडी वापरू नये.

जागेचे मापही नीट समजून घ्या. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०१५ मध्ये जनावरांच्या वाहतुकीसाठी १२५-ई हा नियम आला. त्यात गायीला किंवा म्हशीला २ चौरस मीटर आणि शेळी-मेंढीला ०.३ चौरस मीटर जागा सांगितली आहे. कप्पे केलेली खास गाडी आणि तिच्यासाठी परिवहन कार्यालयाचा विशेष परवानाही त्याच नियमात आहे. नेहमी जनावरे वाहणाऱ्याने तोच मार्ग धरावा. तुमच्यासारख्याला निदान जागेचे माप तरी पाळता येते. छोट्या हत्तीचा हौदा सुमारे २.२ मीटर लांब आणि दीड मीटरला किंचित कमी रुंद, म्हणजे सव्वातीन चौरस मीटरच्या आसपास भरतो. त्यात शेळ्या दहा बसतात, गाय एक. तुमच्या चौदा शेळ्यांना दोन फेऱ्या लागतील. "चारच तर जास्त आहेत" म्हणून कोंबू नका, खाली बसलेली शेळी तुडवली जाते.

गाय कधी नेलीच, तर १९७८च्या जनावर वाहतूक नियमांप्रमाणे पशुवैद्यकाचा दाखला घ्यावा, तिचे तोंड शक्यतो इंजिनाकडे ठेवावे, सोबत एक माणूस असावा आणि त्याच हौद्यात दुसरा माल भरू नये. मी नोकरीत पाहिलेल्या बहुतेक दुखापती रस्त्यावर झाल्या नव्हत्या, त्या चढवताना-उतरवताना झाल्या होत्या. गुळगुळीत पत्र्यावर खूर सरकतो आणि गाय मागच्या पायांवर फाकते. खाली वाळू टाकून वर ओली गोणपाटे अंथरावीत. फळी लावण्यापेक्षा गाडी एखाद्या बांधाला मागून अशी लावावी की बांध आणि हौदा एका पातळीत येतील. गाय आपणहून चालत जाते. कासरा आखूड बांधावा आणि गाठ सुटगाठच असावी, म्हणजे गाय पडली तर एका झटक्यात सोडता येते.

कानातला बिल्ला, बाजार समितीची पावती आणि दाखला हे तिन्ही चालकाच्या खिशात असू द्या. २०१५ पासून आपल्या राज्यात गोवंशाच्या वाहतुकीकडे बारकाईने पाहिले जाते आणि पावती घरी विसरलेल्या शेतकऱ्याला भर रस्त्यात उन्हात गाय घेऊन उभे राहावे लागते.

देवळालीचा कागदवाला

चासीइतकेच कागद पाहा, कारण त्यात मी स्वतः पोळलो आहे. सहा वर्षांपूर्वी एका मध्यस्थामार्फत जुनी गाडी घेतली. आरसीवर, म्हणजे नोंदणीच्या कागदावर, बँकेचा बोजा दिसत होता. "हप्ते कधीच फिटले, पत्र आठवड्यात देतो" असे सांगितले गेले आणि मी पूर्ण रक्कम मोजून मोकळा झालो. ते पत्र मिळायला चौदा महिने लागले. तोवर गाडी माझ्या दारात होती आणि नाव मात्र पहिल्या मालकाचे होते. बँकेचे ना-हरकत पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात पडल्याशिवाय टोकनापलीकडे पैसे देऊ नका. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. विकणारी गाडी मालेगावची, म्हणजे एमएच ४१ असेल, तर तेथील ना-हरकतही लागेल. एमएच १५ असेल तर ती कटकट नाही. एम-परिवहन या सरकारी अ‍ॅपवर क्रमांक टाकून थकलेले चलान, विमा आणि पासिंगची तारीख पाहा आणि चासीवर कोरलेला क्रमांक आरसीशी स्वतः ताडून घ्या. गाडी एप्रिल २०१९ पूर्वीची असल्याने नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का, तेही विचारा.

पांढऱ्या आणि पिवळ्या पाटीतला फरक तुमच्या पैशांत धरा. बोलेरो, ईको यांसारखी खासगी गाडी पंधरा वर्षांपर्यंत पासिंगला न्यावी लागत नाही. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी पासिंग करावे लागते. आठ वर्षांनंतर आपल्या राज्यात पर्यावरण करही लागतो. २०१५चा हत्ती म्हणजे दरवर्षी एक दिवस आणि काही हजार रुपये, हे गृहीत धरा. एकूण वजन तीन टनांच्या आत असल्याने त्याला परमिट मात्र लागत नाही. परवान्याची चिंता नको: हलक्या वाहनाच्या परवान्यावर साडेसात टनांच्या आतले मालवाहू वाहन चालवता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला आहे.

निफाडची गोठेवाली

बोलेरोबद्दल कुणीच बोलले नाही, म्हणून एवढेच: गाडी दणकट आहे, आपल्या नाशिकच्याच कारखान्यात बनते, सुटे भाग कुठेही मिळतात आणि चिखलात ती बिचकत नाही. पण तीन लाख दहा हजारांत ती घेतली की तुमच्याकडे पहिल्या दुरुस्तीलाही पैसे उरत नाहीत. जुनी गाडी घेताना पाचवा हिस्सा बाजूला ठेवलाच पाहिजे, या मताची मी आहे. दर वेळी पाठीमागच्या बैठकीवर पेंडेची पोती टाकायची आणि महिन्यातून एकदा तीच झटकून आईला बसवायचे, हेही मला पटत नाही.

वाघेऱ्यापलीकडचा

सर्वांचे आभार. या रविवारी मिस्त्रीकाकांनी सांगितल्याप्रमाणे हातोडी आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन निघालो. पिकअपच्या उजव्या मागच्या चाकावर, काळ्या रंगाखाली, स्क्रू-ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. पाटाही एका बाजूला एक जास्त होता. मालक म्हणाला, "अहो, टोचून काय बघता, चालवून बघा." मी नमस्कार करून निघालो.

छोट्या हत्तीच्या हौद्याचा पत्रा दोन ठिकाणी खाल्लेला आहे, पण चासी सगळीकडे ठणकली आणि दोन्ही बाजूंचे पाटे सारखे आहेत. ब्रेकच्या पाइपला मात्र खवले लागले. सकाळी साडेसहाला गेलो तेव्हा सीटखालचे इंजिन गार होते. दुसऱ्या फिरकीत इंजिन सुरू झाले आणि थोडा काळा धूर येऊन थांबला. मालक भला माणूस आहे, त्याने सहा पोती टाकू दिली. मूळ इंजिन अवघे १६ अश्वशक्तीचे असल्यामुळे वाघेऱ्याच्या चढाला गाडी दुसऱ्या गिअरवरून वर गेलीच नाही आणि मागून येणाऱ्या दोन मोटारसायकली व एक एसटी पुढे निघून गेली, पण ती थांबली नाही आणि तापलीही नाही. उतरताना पोती असतानाही ब्रेक सरळ लागला, तरी तो पाइप पाहिल्यापासून मी गिअरवरच उतरलो.

आईला सोबत नेले होते. केबिनची पायरी तिला उंच पडली. मालकाच्या पत्नीने टोमॅटोचा रिकामा क्रेट उलटा करून ठेवला, त्यावरून ती चढली आणि बसल्यावर "एसटीपेक्षा बरी आहे" म्हणाली. कुटुंबातले सगळे एकत्र जाणार नाहीत, हे आम्ही स्वीकारले आहे, मोटारसायकल आहेच.

सौदा एक लाख सत्तर हजारांवर आला आहे. आरसीवर बोजा आहे, म्हणून फक्त पाच हजार टोकन दिले आणि बाकी रक्कम बँकेचे पत्र आल्यावर देणार, असे कागदावर लिहून घेतले. हौद्याला चेकर प्लेट (उठावदार नक्षीचा, न घसरणारा पत्रा) आणि बाजूंना शेळ्यांसाठी जाळी बसवायची आहे. मिस्त्रीकाका, प्लेट थेट जुन्या पत्र्यावर वेल्ड करावी की जुना पत्रा पूर्ण काढावा?

अंबडचा मिस्त्री

जुना पत्रा पूर्ण काढा. वरून प्लेट मारली तर दोन पत्र्यांच्या मध्ये मूत साचेल आणि तुम्हाला ते दिसणारही नाही. आडवे चॅनेल घासून रेड ऑक्साइड लावा, मग प्लेट बसवा आणि तिला मागच्या बाजूला अर्धा इंच उतार द्या. फाळक्याखाली पाणी निघून जायला दोन भोके ठेवा. ती भोके ब्रेकच्या पाइपवर येणार नाहीत एवढे पाहा. पाइप मात्र गाडी घरी नेण्याआधीच बदला. जाळी बसवण्याआधी हौद्याच्या मूळ मापाच्या बाहेर काही जात नाही ना, ते पासिंग करणाऱ्या एजंटाला दाखवून घ्या, नाहीतर पुढच्या पासिंगला ती कापावी लागेल.